डाव्या हाताचा मोजा

जी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती, बायकोला नाही, कन्फेशनच्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरांनाही नाही, ती अशी: अमेरिकेतले काही हजार लोक सध्या ज्या प्रश्नावर एकमेकांची डोकी फोडताहेत, त्याचं उत्तर शारजात माझ्या कपाटाच्या तिसऱ्या खणात आहे. निळ्या पट्ट्यांचा एक मोजा. लहान मुलाचा. एकच.

प्रश्न आमच्या एल्रॉयचा आहे. एल्रॉय माझा मुलगा. उंची सहा फूट सात इंच. (आमच्या वसईच्या घराण्यात साडेपाच फुटांच्या वर आजवर फक्त नारळ गेले. हा कुणावर गेला हे मी फिलूला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलेलं नाही. तिचे भाऊ उंच आहेत, एवढ्यावर मी समाधानी आहे!) तो अमेरिकेत कॉलेजकडून बास्केटबॉल खेळतो आणि या महिन्यात तिथला ड्राफ्ट आहे. म्हणजे मोठे व्यावसायिक क्लब कॉलेजातली पोरं एकेक करून निवडतात. नाव पुकारलं तर आयुष्याचं सोनं, नाही पुकारलं तर गुड लक.

इंटरनेटवर चाहत्यांचा एक कट्टा आहे. तिथे सतत हीच चर्चा: एल्रॉयला घ्यावा की नाही? उडी? झकास. नेम? अचूक. स्वभाव? देवमाणूस! आणि मग कुणीतरी हटकून लिहितं, ‘सगळं खरं, पण याचा डावा हात कुठाय?’

त्यांचं चुकत नाही. डावीकडून आलेला बॉलसुद्धा आमचा मुलगा गिरकी घेऊन उजव्याच हाताने घेतो. आपल्याकडे सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. एल्रॉयला बास्केटबॉलमधलं सगळं म्हणजे डाव्या हातचा मळ. डावा हात सोडून.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे मुनीरभाय चहाला आले होते. मूळचे रत्नागिरीचे, धंदा एसी दुरुस्तीचा, आणि एल्रॉयमुळे आता बास्केटबॉलचे जाणकार.

“जोसेफभाय, पोराचा लेफ्ट हँड म्हंजे एकदम खलास हां! पोरं निवडनारे स्काऊट लोक तेच बघतात.”

“एका हाताने पण खेळता येतं की,” मी म्हणालो.

“एका हातान् टाळी वाजत नाय, बास्केट काय पडनार?”

“गंमत बघा मुनीरभाय,” फिलू म्हणाली, “लहानपणी हा पक्का डावरा होता. चमचा डाव्या हातात, पेन्सिल डाव्या हातात. मग एकदम काय झालं, देव जाणे!”

देव जाणे, हे खरं. पण देवाखेरीज आणखी एक जण जाणत होता, आणि त्याला नेमका तेव्हाच चहाचा ठसका लागला.

एल्रॉय पाच वर्षांचा असताना आमच्या अरबाबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, मला सहकुटुंब घरी जेवायला बोलावलं. मी शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवण्याच्या कामाला, आणि प्रमोशनचं घाटत होतं. मोठ्या थाळ्यात भात, वर अख्खं बकरं, सगळ्यांनी भोवती बसून एकाच थाळ्यात हाताने जेवायचं. उजव्या हाताने! आणि माझे चिरंजीव तर वरणभातात डावा हात कोपरापर्यंत बुडवणारे. माझ्या डोळ्यांसमोर प्रमोशन त्या भातात हळूहळू रुतत जाताना दिसलं.

तीन आठवडे हातात होते. फिलूची हॉटेलात रिसेप्शनवर दुपारची शिफ्ट. ती गेली की मी एल्रॉयच्या डाव्या हातावर मोजा चढवायचो. मोज्यावर मार्करने दोन मिटलेले डोळे काढले.

“बाबू, हा झोपलाय. याला उठवायचं नाही हं.”

“व्हेन विल ही वेक अप, डॅड?”

“इन्शाल्ला, लवकरच.”

पोरगं भलतं गुणी! जेवताना, चित्रं काढताना, अगदी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बॉल आपटतानासुद्धा तो मोजा काढायचा नाही. डावा हात छातीशी धरायचा, कुशीत बाळ निजवल्यासारखा. आणि उजव्या हाताने बॉल. धप्... धप्... धप्... संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात गाड्यांवरची धूळसुद्धा सोन्याची दिसायची. मी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या तालावर स्वप्नं बघत बसायचो. इतकं सुंदर दृश्य होतं, की त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

आणि जेवणाच्या दिवशी काय झालं? बायका आतल्या दिवाणखान्यात. मुलांना वेगळं टेबल. वेगळ्या प्लेट्स. आणि चमचे!

एल्रॉयने उजव्या हातात चमचा धरून शहाण्यासारखं खाल्लं. इकडे तीन आठवडे डाव्या हाताचाच जप करून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. अरबाबांनी प्रेमाने मटणाचा तुकडा माझ्याकडे सरकवला, आणि मी डावा हात थेट थाळ्यात घातला. मनगटापर्यंत!

“यूसुफ,” (जोसेफचा तिथे यूसुफ होतो) अरबाब हसू दाबत म्हणाले, “रिलॅक्स, हबीबी. माझा धाकटापण डावराच आहे.”

प्रमोशन मिळालं. मोजा निघाला. झोपलेला हात मात्र उठला नाही.

आता ऑफिसात जेवणानंतर मला हटकून एकच स्वप्न पडतं. बाहेर उन्हात क्रेन संथपणे कंटेनर उचलत असते, एसी गुणगुणत असतो, आणि तो कंटेनर तरंगत तरंगत बास्केटकडे निघतो. टाळ्या. स्टेजवर एल्रॉयचं नाव पुकारतात. तो नव्या सुटात उठतो, हात पुढे करतो. हातावर मोजा. मोज्याचे डोळे मिटलेले. आणि सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघतं...

अशाच एका दुपारी, अर्धवट झोपेत, मी त्या कट्ट्यावर ‘हमरिया हॉक’ या नावाने खातं उघडलं. लिहिलं, ‘मूर्खांनो, डावा हात त्याने मुद्दाम राखून ठेवलाय. खोर फक्कानला, समुद्राकाठच्या कोर्टवर, डाव्या हाताने सलग चाळीस बास्केट मारताना मी स्वतः पाहिलंय!’ (खोर फक्कानला आम्ही एकदाच गेलो होतो. तिथे एल्रॉयने सलग चार समोसे खाल्ले. उजव्या हाताने.)

मला वाटलं, हसतील आणि सोडून देतील. पण चाहत्यांना स्वप्न हवंच असतं! दोन दिवसांत ‘खोर फक्कानचा डावा’ ही दंतकथा झाली. कुणी म्हणालं चाळीस नव्हे, साठ. कुणी म्हणालं, डोळे बांधून. एकाने तर आपणही तिथे हजर होतो असं शपथेवर सांगितलं. त्याच्याशी मी मन लावून गप्पा मारल्या!

गेल्या शनिवारी संध्याकाळी एल्रॉयचा व्हिडिओ कॉल आला. फिलू शेजारीच होती.

“डॅड, हू इज हमरिया हॉक?”

“क्... कोण?”

“एका क्लबने मला ट्रायलला बोलावलं होतं. कोच सेड, शो अस द खोर फक्कान लेफ्ट. आय डिडंट नो व्हॉट टु डू, डॅड! सो आय जस्ट थ्रू इट.”

“मग?”

“इट हिट हिज कॉफी.”

फिलूने सावकाश माझ्याकडे मान वळवली. “जो, हमरियात बास्केटबॉलवर बोलणारा तुझ्याशिवाय कोण आहे? आणि तुला तरी कुठे कळतं!”

मग मी बोललो. सगळं. मोजा, मार्कर, अरबाब, भात. तिसऱ्या खणातून मोजा काढून कॅमेऱ्यासमोर धरला. फिलूने तो जवळून निरखून पाहिला. मग ती म्हणाली, “याचा जोडीदार मी वॉशिंग मशीनमध्ये सोळा वर्षं शोधतेय!”

एल्रॉय मात्र स्क्रीनजवळ वाकला. ते मिटलेले डोळे अजून पुसट दिसत होते.

“आय रिमेंबर हिम,” तो हळूच म्हणाला. “बट डॅड, यू नेव्हर टोल्ड मी टु वेक हिम अप.”

एवढं मोठं सहा फूट सात इंचांचं पोरगं, आणि सोळा वर्षं बापाच्या एका वाक्याची वाट बघत होतं.

“उठव त्याला, बाबू,” मी म्हणालो.

“नाऊ? ड्राफ्टला दहा दिवस आहेत!” मग तो हसला. “ओके. पण यू टू. यल्ला, चला.”

म्हणून सध्या रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये, घामाने निथळत, एक बावन्न वर्षांचा साडेपाच फुटी माणूस डाव्या हाताने बॉल आपटताना दिसतो. त्याच्या उजव्या हाताच्या चार बोटांवर एक मोजा कसाबसा बसवलेला असतो. (त्याहून पुढे जात नाही.) फोन गाडीच्या काचेला टेकवलेला; फोनमध्ये एल्रॉय, तोही डाव्या हाताने. वर बाल्कनीतून मुनीरभाय, “लेफ्ट, जोसेफभाय, लेफ्ट! तुमचा पन ड्राफ्टला नंबर लागल!”

माझा बॉल सलग तिसऱ्यांदा त्यांच्याच गाडीखाली जातो. एल्रॉयचा हल्ली जात नाही. काल कट्ट्यावर कुणीतरी लिहिलं, ‘डावा हात हलतोय.’ हे मी लिहिलेलं नाही. शपथ.

निवडतील, न निवडतील, इन्शाल्ला. फिलूला मी एक मोजा देणं लागतो, तो वाटेल तेव्हा देता येईल. एल्रॉयला मी एक डावा हात देणं लागतो.