आईची न्हाणी आणि नगरपालिकेची बाग

आईच्या न्हाणीची भिंत मी स्वतःच्या हातानं पाडली, तेव्हा ती बांधून अवघे सात महिने झाले होते.

मी कोइमतूरला गलाईच्या दुकानात काम करतो. (गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला सोन्यात हात घालू देतात, हे शेठचे उपकारच!) जन्मभर साडीच्या आडोशाला अंघोळ केलेल्या आईसाठी, सांगलीकडच्या आमच्या गावी, मी पक्की न्हाणी बांधली. पलीकडं नगरपालिकेची बाग.

एके सकाळी माझ्या वडिलांनी, आण्णांनी, मोबाइलवर नोटिशीचा फोटो पाठवला. निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा. उरलेल्यात ‘अतिक्रमण’ एवढाच शब्द वाचता येत होता. तेवढा पुरला! मी लगेच फोन लावला.

“आण्णा, जेल हुती काय वो?”

“आरं येड्या, गुरवारी मोजणी हाय. तू ये. भाईर ऱ्हातोस, सायबांशी तूच बोल.”

शेठनी बिचाऱ्यांनी लगेच सुट्टी दिली. बुधवारी दुपारी घरी पोचलो आणि मला वाटलं, साहेब येण्याआधीच भिंत पाडून ठेवली, तर निदान आपला साधेपणा तरी दिसेल. घेतला घण आणि बागेकडची भिंत तासाभरात आडवी! आई नेमकी डोईवरनं न्हायला पाणी तापवून बसली होती.

“आरं मुडद्या! बागंत म्हातारी मान्सं फिरत्यात. मी काय त्यांच्याम्होरं न्हाऊ?”

“आई, कायद्याला मान द्यावा लागतोय.”

“मग कायद्यालाच घाल जा अंघूळ!”

गुरुवारी मोजणीचे साहेब तीन पायांचं यंत्र घेऊन आले, सोबत नगरपालिकेचा माणूस. आमच्या दुकानात काटासुद्धा हळदकुंकवाशिवाय चालू होत नाही, म्हणून मी आईला खुणावलं. तिनं निरांजन ओवाळलं आणि यंत्राच्या नेमक्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं!

साहेबांनी डोळा लावला आणि दचकून मागं सरले. “हे काय केलंत? सगळी बाग लाल दिसतीय!”

“नवी मशीन हाय न्हवं,” आई म्हणाली. “नजर नगं लागाय.”

काच पुसून साहेबांनी दोनदा मोजलं, चुन्यानं हद्दीची रेघ ओढली आणि नगरपालिकेच्या माणसाला सांगितलं, “नोटीस चुकलीय. न्हाणीची भिंत हद्दीच्या वीतभर आत आहे.” मग समोर बघून, “म्हणजे, होती. कुणी पाडली?”

आण्णांनी माझ्याकडं असं बोट दाखवलं, जणू मी शेजाऱ्यांचा!

नगरपालिकेच्या माणसानं तिथल्या तिथं नोटीस मागं घेतली. मी चक्क त्याच्या पाया पडलो. आई म्हणाली, “पाया पडून झालं आसंल, तर भिंत हुबी कर.”

सुट्टीचे दोनच दिवस उरलेले, गवंडी मिळेना. आण्णा आणि मीच विटा रचायला बसलो. आण्णा चुन्याच्या रेघेवर उभे राहिले आणि मला डोळा मारला.

“गड्या, वीतभर आपलीच हाय न्हवं? मग सोडायची कशाला? रेघंपतूर आपली न्हाणी घे.”

“आन् भिंत?”

“भिंत रेघंच्या पल्याड. न्हाणी आपली, भिंत दोघांची!”

सायबांशी बोलायला आलेला मी, आण्णा म्हणतील तिथं विटा रचत गेलो. न्हाणी मात्र ऐसपैस झाली. आईनं कडी लावून तासभर अंघोळ केली. आतून ओव्या ऐकू येत होत्या! कोइमतूरला परतून मी शेठना पेढे दिले, सगळं निस्तरल्याचं सांगितलं.

आठवड्यानं आईचा फोन.

“नगरपालिकेचा मानूस आलता. भिंत बागंत वीतभर गेलीया म्हनं. तू ये, पर ह्या बारीला माझं न्हाणं झाल्याबिगर घणाला हात लावू नगंस!”

आता पुन्हा शेठपुढं सुट्टी मागायला उभा आहे. त्यांना कसं सांगू, की नगरपालिकेची चुकलेली नोटीस मी दोन दिवसांत, माझ्याच खर्चानं, बरोबर करून दिली!