सेलूच्या सोनाराचा पंखा

दागिने उजळायच्या रिठ्याच्या पाण्याचा वास आला की मला सासुरवाडीच्या, म्हणजे सेलूच्या, म्हाताऱ्या सोनाराचं दुकान आठवतं. सासूबाई गेल्यावर त्यांची हिऱ्याची अंगठी बायकोकडे आली. खडा हलत होता, नव्या कोंदणात बसवायचा होता. वर्ध्याच्या मोठ्या दुकानात "ठेवून जा" म्हणाले, तेव्हा मी जाहीर केलं की डोळ्यांसमोर काम करेल तोच सोनार खरा. सेलूचा तयार झाला. हिरा बदलू नये म्हणून मी त्याच्या हातावर वाकून पहारा देत बसलो. मे महिना, शर्ट घामाने भिजलेला. त्याने खडा काढून कागदावर ठेवला आणि मी हात लांब करून पंखा लावला. कागद उडाला, हिरा गेला. शेजारी बसलेली बायको खाली वाकून फरशी चाचपू लागली. "म्या मुद्दाम बंद ठेवला होता, जावईबापू. काऊन लावला?" एवढंच सोनार म्हणाला. त्याने दार लावून सगळं दुकान झाडलं, केर चाळला, काही नाही. मग खाली चादर अंथरून मला तिच्यावर उभं केलं. "आता तुमचा खिसा पाहू द्या." हिरा माझ्याच शर्टाच्या खिशात निघाला. अजूनही अंगठी उजळायला बायको एकटीच आत जाते, मी बाहेर ओट्यावर बसतो, आणि निघताना म्हातारा आतून विचारतो, "जावईबापू, खिसा पाह्यला का?"