डिसेंबरची गाडी

मी ड्रायव्हिंग शिकले तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते आणि आई ब्याऐंशी. लायसन्स आल्याचं फोनवर सांगितलं, तर येवल्याहून ती म्हणाली, "मग ये ना मला न्यायला. तू चालवतीय अन् मी शेजारी बसलीय, एवढं एकदा बघू दे."

गाडी घ्यायचं तर ठरलं होतं. पण आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, गाडी घेण्याआधीच ती विकण्याचा विचार करणारे. श्रावणात म्हणाले, आता पितृपक्ष येईल, दसऱ्याला बघू. दसऱ्याला म्हणाले, आत्ता घेतली तर तीन महिन्यांत एका वर्षाने जुनी धरतील, जानेवारीत बघू. जानेवारीत कुणीतरी सांगितलं की पाडव्याला त्याच गाडीचे दिवे बदलणार आहेत. दिव्यांसाठी थांबलो. दिवे बदलले, तर ह्यांना जुनेच बरे वाटायला लागले.

आई दर रविवारी विचारायची, "आली का गाडी?" मी नव्या मॉडेलचं सांगायचे. एकदा म्हणाली, "गाडीचं दरसाल नवं निघतं बाई. माझं काय निघायचं नाही." फोन ठेवून मी रडले आणि ह्यांच्यावर मनापासून चिडले.

डिसेंबरात एकटीच रिक्षा करून शोरूम गाठलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, पंधरा दिवस थांबा, नव्या सालची देतो."

"ती दारात उभी आहे, ती द्या."

"ती जूनमध्ये बनलेली आहे."

"मी तिच्या कितीतरी आधी बनलेय. द्या."

हे दोन दिवस बोलले नाहीत. पूजेला मात्र आले, चाकांखाली लिंबं स्वतः ठेवली आणि ती चिरडल्यावर म्हणाले, "विकताना फटका बसणार."

येवल्यापर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून मी बहुतेक दुसऱ्याच गिअरमध्ये गेले. आई ठेवणीतली पैठणी नेसून दारातच उभी होती. हे जावई, म्हणून मानाने पुढे बसलेले. आईने त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"जावईबापू, तुम्ही मागं बसा."

हे उतरून मागे गेले. कुठल्या सालची, कुठलं मॉडेल, आईने काही विचारलं नाही. पट्टा लावून घेतला, पदर सारखा केला. "आधी बाजारातून एक चक्कर मार. लोकांनी बघू दे."

मला इतकं भरून आलं की क्लच सुटला आणि गाडी दारातच बंद पडली.

"असू दे," आई म्हणाली, "आता काय घाई हाय?"