नुसती हजेरी

आज सकाळी शेजारची सुवर्णा गावातल्या अभ्यासिकेच्या पायरीवर पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली दिसली. दाराला नवं कुलूप होतं आणि खिडकीतून खताच्या पोत्यांचा उग्र वास येत होता. खोली एका व्यापाऱ्याला गोदामासाठी दिली म्हणे. मी तडक ग्रामपंचायतीत गेले. "कुणी ठरवलं हे?" चढ्या आवाजातच विचारलं. ग्रामसेवकांनी शांतपणे ग्रामसभेची वही पुढे सरकवली. ठराव सर्वानुमते मंजूर होता आणि खाली पहिलीच सही माझी होती.

अंगठे उठवणाऱ्या घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून सहीला हौसेनं लांब शेपूट काढते. पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात येतो, "ताई, नुसती हजेरी" म्हणतो आणि आमची ग्रामसभा उंबऱ्यातच उरकते. त्या दिवशी आई म्हणाली होती, "आधी वाचून दाखव, मग अंगठा देते."

"अगं, वाचायला आहे काय त्यात!" मी हसले होते. खरंच काही नव्हतं. सहीच्या वरचं अर्धं पान कोरं होतं, आणि तिथं पुढं काय येणार हे मी विचारलंसुद्धा नाही.

परत येऊन सुवर्णाला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"पुढच्या सभेत ठराव फिरवशील ना, ताई?"

"तूही चल की."

"मी येऊन काय करू? मला अठरा व्हायला अजून वर्ष आहे. त्या वहीत माझी सही चालत नाही, तुझी चालते."