गाव बांधणाऱ्यांची यादी

सोमवारच्या पूजेत बेल वाहायला हात पुढं केला, तर पानांवर कोळशाची पूड. यांना आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितलं होतं की तुमचे ते भिंतींचे कागद देवघराजवळ झटकू नका. हे म्हणाले, "अगं, अंगणात वारं आहे, कागद उडतात." म्हणजे कागद उडू नयेत म्हणून माझ्या महादेवानं कोळसा खायचा. बेल धुतला, पुन्हा वाहिला, आणि मनात राग ठेवून पूजा करायची नाही म्हणून आधी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

आमचे हे म्हणजे रामलिंग सर. लातूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवतात, येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. मूळचे अर्धापूरचे, घरची केळी. सासरे सांगायचे, केळीच्या गाड्या भरायला बाहेरगावची माणसं यायची, त्यांच्यात हा पोरगा दिवसदिवस बसून त्यांची गावं विचारायचा. ती खोड अजून गेलेली नाही. माझ्या भाचीच्या लग्नात इकडं अक्षता पडत होत्या आणि हे मंडपामागं आचाऱ्यांना विचारत बसले होते, तुम्ही मूळचे कुठले, घर सोडून किती वर्षं झाली. एकाही फोटोत नाहीत. बहीण अजून टोमणे मारते.

कॉलेजात 'श्रमाचा इतिहास' असा एक पेपर आहे, तो यांच्याशिवाय कुणी घेत नाही. यंदा आठ पोरं-पोरी. बाकी सगळे म्हणे मार्क मिळणाऱ्या पेपरला गेले. हे म्हणतात, आठ पुष्कळ झाले. 

तर तो कोळसा. किल्लारीच्या बाजूला एक गाव आहे, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. घरं कुणी दिली त्याचा फलक वेशीतच आहे. हातानं बांधली कुणी, ते कुठंच नाही. हाच यांचा ध्यास. नऊ वर्षांपूर्वी पोरांना घेऊन तिथं गेले, तेव्हा एका घराच्या मागच्या बाजूला, जोत्याच्या सिमेंटवर थापीच्या टोकानं कोरलेलं नाव दिसलं. ओलं असताना कोरलेलं. मग दुसऱ्या घरामागं, तिसऱ्या. नुसती पहिली नावं, आडनाव नाही, तारीख नाही. हे हरखून गेले. "मजुरांनी स्वतःची सही करून ठेवलीय!" तेव्हापासून दर सुट्टीत जायचं, नावावर कागद लावायचा, वरून कोळसा घासायचा, ठसा घरी आणायचा. एकशे त्रेसष्ट नावं झाली. माझं अक्षर बरं, म्हणून वहीत उतरवायचं काम माझ्याकडं.

उतरवताना मी विचारलं होतं, "अहो, गवंड्यांमध्ये एवढ्या बायका? आणि ही छकुली, ही सोनी? ही काय विटा रचायच्या वयाची नावं आहेत?"

झालं. अर्धा तास मला ऐकवलं. बायकांनी काम केलं नाही का, पोरं कामावर नेत नव्हते का, आणि एक बाई असून तूच बायकांचं काम पुसून टाकतेस. बालमजुरीवर यांनी एक अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय. मी म्हटलं, सगळ्यांचं अक्षर एकसारखं कसं? त्यालाही उत्तर तयार. एकच मुकादम शिकलेला असणार, त्यानं हजेरी लावल्यासारखी नावं कोरली. मी पुढचं नाव उतरवायला घेतलं. शिकवणाऱ्या माणसाशी वाद घातला की स्वयंपाक करपतो.

चार वर्षं हे त्या गावच्या सरपंचांच्या, किशनरावांच्या मागं लागले होते की गावात एक दगड बसवा, गाव बांधणाऱ्यांच्या नावांचा. यंदा ते तयार झाले. तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, दगड उभा करायचा. यादी गेली. निवृत्तीआधी एवढं एक व्हावं, यापलीकडं या माणसाला काही नको होतं. आणि आज सोमवारी कोरणारा कामाला बसणार होता.

आजच सृष्टी पाहुणा घेऊन आली. ही यांच्या आठांतली एक, बिलोलीची, चुणचुणीत. तिनं गावाकडं विचारपूस करून त्या कामावरचा एक खरा गवंडी शोधून काढला, शंकरप्पा. तेव्हा बाविशीतला, आता पन्नाशी ओलांडलेला. दुपारी वर्गात बोलायचं आणि आधी आमच्याकडं जेवायचं. हे मला कळलं सकाळी साडेनऊला, बेल धूत असताना.

"चार माणसांचं जेवण असं ऐन वेळी सांगतात का?"

"अगं, साधंच कर."

साधं! साधं काय आपोआप शिजतं?

शंकरप्पा पायरीवर चपला काढून आला. हात धुतले, देवघरासमोर वाकला, मला म्हणाला, "अक्का, लई तकलीफ दिली तुमाला." मला माणूस आवडला. यांना कुठला दम, ताट वाढायच्या आत वही उघडून त्याच्यापुढं ठेवली. "ही बघा तुम्हा लोकांची नावं. कोण कुठल्या गावचं, तेवढं सांगा."

शंकरप्पानं बोट ठेवून दोन पानं वाचली. मग यांच्याकडं बघितलं. "सर, ही आमची न्हाईत."

"म्हणजे?"

"आमच्यात लिवता कुनाला येत होतं? मला तेवढं, चौथीपातूर. हे समदं म्याच कोरलंय. पर आमची नावं कशाला कोरीन? ही त्यांची हायेत. गेलेल्यांची."

शंकरप्पा सांगत गेला. जोतं ओलं असलं की घरची बाई यायची. म्हणायची, बाबा, वाळायच्या आत माझ्या लेकीचं नाव लिव. पुढच्या बाजूला साहेब लिहू देत नव्हते, म्हणून मागं. एकीचं लिहिलं तर शेजारची आली. मग कामच झालं ते. "छकुली म्हंजे दोन वरसाची होती. तिची आई समोर हुबी होती, सर. माझा हात हालला, म्हून तो छ वाकडा हाय."

मी स्वयंपाकघरात गेले. ही सगळी नावं मी माझ्या हातानं, रेडिओ ऐकत, शेंगा सोलता सोलता उतरवली होती. देवाचं नाव घेतलं आणि पाणी प्यायले. आणि मग राग आला तो असा, की बाहेर येऊन विचारलंच.

"नऊ वर्षं तुम्ही त्या गावात चहा पिताय. एकालाही विचारलं नाही?"

"विचारलं ना. प्रत्येक घरात विचारलं, ही नावं बांधकाम चालू असतानाच कोरली ना? सगळे हो म्हणाले."

"मग खोटं काय बोलले ते? चालू असतानाच कोरली! कुणाची, हे विचारलं का?"

हे वहीची पानं उलटायला लागले. वर्गात पोरांना पहिल्या दिवशी काय सांगतात, तर प्रश्न विचारायला शिका. आणि गावची माणसं तरी कशी. सर मागच्या दारी वाकून लेकराच्या नावावर हात फिरवतात, म्हणजे सरांना ठाऊकच असणार, असं धरून चालली. पाहुण्यापुढं दुःख काढायचं नाही म्हणून गप्प.

एकदम दगड आठवला. यांनी किशनरावांना फोन लावला, स्पीकरवर.

"किशनराव, काम थांबवा. यादी चुकलीय."

"आता? चार नावं झाली की कोरून! सकाळपासून बसलाय तो."

"ती मजुरांची नाहीत." मग यांनी सगळं सांगितलं.

"तुम्ही यादी वाचली नव्हती का?" मी मध्येच बोलले.

"वहिनी, सरांची यादी. आमी काय तपासावी?" मग हळू म्हणाले, "थांबा. बघून येतो." आले तेव्हा आवाज बदललेला. "दुसरं नाव माझ्या चुलतीचं हाय."

"घासून काढता येईल," हे म्हणाले.

"सर, मेलेल्या माणसाचं नाव घासायला कोन हात लावंल? त्यो दगड आता त्यांचा. तुमच्या मजुरांसाठी दुसरा आणावा लागंल. तीस तारखेला न्हाई व्हायचं." आणि जाता जाता, "अन् पुढची यादी वहिनींकडून तपासून पाठवा."

जेवायला बसले. हे भाकरी मोडत होते, खात नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना असं पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, कीव आली तरी चीड गेली नाही. शंकरप्पालाच वाईट वाटलं. "सर, आमची मानसं सांगतो की. लिवा." त्यानं आठवून आठवून अकरा नावं सांगितली. तिघांची नुसती टोपणनावं. दोघांची गावंच आठवेनात. सृष्टी लिहीत होती. अकरावर तो थांबला. "बस. एवढेच व्हतो आमच्या टोळीत."

मी भात वाढत होते. म्हटलं, "अकरा गवंडी. आणि माल कालवून घमेली कोण देत होतं?"

"बायका की, अक्का."

"मग त्या टोळीत नव्हत्या?"

तो हसला, लाजला. "तसं कुनी धरत न्हाई." मग म्हणाला, "माझी तुळजाबाई व्हती. पोटुशी व्हती, तरी शिडी चढायची." बायकोला फोन लावला. तिला पंधरा बायकांची नावं येत होती. गावासकट, नवऱ्यासकट, कोण कुणाशी भांडली त्यासकट. सृष्टीची पानं पुरेनात.

फोन ठेवल्यावर आमच्या यांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत नव्हतो? बायका होत्याच!"

काय बोलावं या माणसाला? मी भाताचं पातेलं उचलून आत गेले.

दुपारी वर्गात हे शिकवायला उभे राहिले नाहीत. सृष्टीनं संध्याकाळी सांगितलं, सरांनी ते नऊ वर्षांचं प्रकरण पोरांपुढं ठेवलं, म्हणाले, मी कुठं चुकलो ते शोधा, आणि स्वतः मागच्या बाकावर शंकरप्पाशेजारी जाऊन बसले. पोरांनी म्हणे काही सोडलं नाही.

मी नवी वही काढलीय. यांना सांगितलं, नावापुढं कुणी सांगितलं, कुठं सांगितलं, काय विचारल्यावर सांगितलं, हे असेल तरच मी पेन धरीन. हे मुकाट्यानं हो म्हणाले. जुनी वही मी दिली नाही त्यांना. ती गुरुवारी किशनरावांकडं पोचवायची आहे, त्या पहिल्या दगडाची नावं घरोघर ताडून घ्यायला. उद्या सकाळच्या गाडीनं हे बिलोलीला निघालेत, तुळजाबाईंना समोर बसून विचारायला. डबा हवा आहे, हे आत्ता सांगितलं.