लिलावातला प्लॉट आणि आबांची चिठ्ठी

ती घटना आठवली की आजही अंगात वारं भरतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि माझी नेमणूक जामनेरला होती. सकाळची हजेरी आटोपते तोच पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक अक्का ठाण्यात आल्या. बोदवडच्या एका आबांचा मोकळा प्लॉट जामनेरात पडून होता. आबा वारले, कर थकला आणि प्लॉट लिलावात निघाला. तो अक्कांनी घेतला. गिरणीची भाड्याची जागा दोन महिन्यांत सोडायची होती, दुसरी जागा नव्हती. पण मालमत्ता पत्रकावर त्यांचं नाव लागेना. एका गृहस्थाने हरकत घेतली होती. आबांनी हयातीतच प्लॉट मला दिला, लिलावाची नोटीस मला यायला हवी होती, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय, तर आबांच्या हातची चिठ्ठी! असल्या चिठ्ठीने मालकी मिळत नाही, पण नोंद अडकते, आणि अडलेला माणूस पैसे देऊन तडजोडीला तयार होतो.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, हा गडी लिलावातल्या प्लॉटांवरच टपलेला असतो. पहूरच्या एकालाही असंच नमवलंय."

मी गृहस्थाला बोलावलं. पांढरे कपडे, शुद्ध मराठी, तोंडात खडीसाखर. दोन तास चौकशी केली, पठ्ठ्या ढिम्म. चिठ्ठी मी तीनदा वाचली. मला काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा जबाब घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली: "हाऊ प्लॉट मी तुमले दिधेल शे. आते बठ्ठा हक्क तुमना." म्हणजे प्लॉट दिलाय, आता सगळा हक्क तुमचा.

अक्का हसल्याच. "सायेब, आबा बोदवडचे. आमी इकडचे लोक ‘हाये’ म्हन्तो. ‘शे’ त तुमच्या धुयाकडचं!"

मी ताडकन उठलो. मी धुळ्याकडचा. ती माझ्या आईची बोली, म्हणून तर कानाला खटकली नव्हती!

गृहस्थाला लगेच आणवलं. चहा दिला आणि घरच्या बोलीत विचारलं, "भाऊ, मूळ गाव कोनतं तुमनं?"

गडी खुलला. "साक्रीकडलं शे, भाऊ. तुमनं?"

मी चिठ्ठी पुढे सरकवली. "मंग आबानी चिठ्ठीमा तुमनी बोली कशी ऊनी?"

चहा त्याच्या पांढऱ्या विजारीवर सांडला. तो रुमालाने डाग पुसू लागला. मग म्हणाला, "चूक व्हयनी, भाऊ."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून गुन्हा नोंदवून त्याच्या अक्षराचे नमुने तज्ज्ञांकडे पाठवले. त्याने हरकत मात्र त्याच आठवड्यात मागे घेतली आणि मुदतीच्या आत पत्रकावर अक्कांचं नाव चढलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

पण लाजही वाटली. चिठ्ठी परक्या बोलीत असती, तर मी तिचा शब्द न् शब्द चाळला असता. आपली वाटली म्हणून सोडली, आणि त्यापायी एका बाईच्या हातची जागा जाणार होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ठाण्यात कुणी माझ्या बोलीत बोलू लागलं, की त्याचा जबाब मी दोनदा वाचत असे.