दर सोमवारी अकरा वाजता शोकसभा

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. आमच्या ऑफिसात रिकाम्या टोनरची खोकी कपाटावर साठत जातात ना, तसे ते साठतात. फेकायचं तर ठराव लागतो, म्हणून कोणी फेकत नाही. मग एक दिवस एखादं खोकं डोक्यात पडतं आणि आपण मित्रांना सांगत बसतो.

तर आमचं ऑफिस. पेणमधली एक शिक्षणसंस्था. एक शाळा पेणला, एक रोह्याला. मी तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर, तुषार. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. हे मी लपवत नाही, कारण आमचे सेक्रेटरी टिपणीस सर लपवू देत नाहीत. पाहुणा आला की ओळख करून देतात, "हा आमचा अर्धा इंजिनियर." सर रिटायर्ड हेडमास्तर. मनात म्हणतो, सर, उरलेला अर्धा तुम्हीच रोज खाताय.

जानेवारीत अध्यक्षांचा मुंबईहून हुकूम आला, यापुढे सगळं मेलवर आणि मीटिंगा कॅलेंडरवर. प्रत्येक टेबलावर आणि पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर प्रोग्राम टाकला. डावीकडे मेल, खाली कोपऱ्यात कॅलेंडर. मीटिंग लावली की ज्याला त्याला निमंत्रण जातं, त्याने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं, वेळ झाली की घंटी वाजते. बस. पाचवीतल्या पोराला तासाभरात येईल. आमच्याकडे सरासरी वय सत्तर.

मला हसायला हरकत नव्हती. पण या घोळात सुरेखाताई अडकल्या होत्या.

सुरेखा म्हात्रे, राहणार खांब, रोह्याच्या शाळेत क्लार्क. नऊ वर्षं टेम्पररी. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, नवी सही, पुन्हा पहिल्यापासून. यंदा एकदाची कायम पदाला मंजुरी आली. अर्ज एकच, ताईंचा. फक्त निवड कमिटीने एकत्र बसून मुलाखत घ्यायची, आणि ती एप्रिलअखेरच्या आत. नाही घेतली तर पद परत, ताई घरी. कमिटी तिघांची: टिपणीस सर, रोह्याच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका चित्रे बाई, आणि वडखळचे भाऊ. तीन म्हाताऱ्यांना एका खोलीत एक तास बसवायचं. एवढंच काम होतं.

* * *

पहिलं निमंत्रण मी फेब्रुवारीत पाठवलं. सरांची मेल उघडतात हेडक्लार्क गुप्ते काका. काकांची स्वतःची पद्धत आहे. मेल आला की प्रिंट काढायची. प्रिंटवर गोल शिक्का मारायचा. आवक रजिस्टरात नंबर टाकायचा. प्रिंट फाइलला लावायची. आणि मग कॉम्प्युटरमधला मेल डिलीट करायचा.

"काका, डिलीट का करता?"

"काम झालं ना त्याचं? टपाल आलं की पाकीट ठेवतो का आपण?"

निमंत्रणाचंही तेच झालं. मी विचारलं, "अ‍ॅक्सेप्ट दाबलंत का?"

काका चष्म्यावरून बघत राहिले. "मी दाबू? सेक्रेटरींच्या वतीने? उद्या कोणी विचारलं, कोणत्या ठरावाने स्वीकारलं, तर तू येणार आहेस उत्तर द्यायला?"

"मग सरांना दाबू द्या."

"सरांनासुद्धा कमिटीने अधिकार द्यायला हवेत. त्यासाठी कमिटी बसायला हवी."

"कमिटी बसावी म्हणूनच निमंत्रण आहे, काका."

"मग आधी ठराव कर," काका म्हणाले, आणि पान लावायला घेतलं.

* * *

घंटीचं ऐका. मीटिंगच्या आधी स्क्रीनवर खिडकी येते आणि आवाज होतो. बंद करा किंवा पाच मिनिटांनी परत वाजव म्हणून सांगा, असे दोन पर्याय. काकांना बंद करायची भीती, न जाणो महत्त्वाचं असेल. ते दर वेळी 'पाच मिनिटांनी' दाबायचे. पाच मिनिटांनी पुन्हा खिडकी, पुन्हा प्रिंट, पुन्हा शिक्का.

एके दुपारी रजिस्टर बघितलं. आवक क्रमांक दोनशे बारा ते दोनशे एकतीस. विषयाच्या रकान्यात वीस वेळा एकच ओळ, सुंदर अक्षरात: 'संगणकाकडून स्मरणपत्र.'

शेवटच्या नोंदीपुढे काकांनी लाल शाईत शेरा मारला होता, 'वारंवार पत्रव्यवहार करू नये, असे कळवावे.'

* * *

दुसरं निमंत्रण थेट चित्रे बाईंना धाडलं. तेहेतीस वर्षं शिकवलेली बाई. मजकूर मी लिहिला होता. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी रोह्याच्या एसटीच्या कंडक्टरने ऑफिसात एक लिफाफा आणून दिला. आत माझ्याच निमंत्रणाची प्रिंट, लाल पेनाने तपासलेली. तीन ठिकाणी गोल. खाली मार्क, दहापैकी सात. आणि शेरा: 'मजकूर त्रोटक. अक्षर वळणदार.'

मी फोन केला. "बाई, ते अक्षर कॉम्प्युटरचं आहे."

"असू दे रे. कोणाचंही असो, चांगल्याला चांगलं म्हणावं."

"पण तुम्ही येताय का?"

"तू सुधारून परत पाठव. मग बघते."

एकेकाळी या बाईंनी दोन तालुक्यांतली पोरं घडवली म्हणतात. माझी शंका अशी की निम्मी पोरं शुद्धलेखन परत लिहितायत अजून.

* * *

या सगळ्यात तो प्रोग्राम खरोखर शिकलं कोण, तर सुरेखाताई. त्यांना शिकवायला कोणी बोलावलं नव्हतं. ट्रेनिंग फक्त कायम स्टाफला. ताईंनी दोनशे पानी वही घातली आणि रोज तीन वाजता शाळा सुटली की मला फोन.

"तुषार, दोन माणसांचा रिकामा टायम एकदम कुठं दिसतो?" सांगितलं.

"लागलेली मीटिंग मागनं बदलता येते काय? दुसऱ्यानं लावलेली?" म्हटलं, कॅलेंडर संस्थेचं आहे, पेणहून बदला नाहीतर रोह्याहून, चालतं.

"आणि एकच मीटिंग दर आठवड्याला लावायची झाली तर?" तेही सांगितलं.

मी एकदा विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?"

"नऊ वर्सं झाली रे. कंटाळा येऊन गेला कदीच. आता नुसता राग हाय." आणि मग, "वाल हायत का घरी? कडवे देते पाठवून."

अख्ख्या संस्थेत हीच बाई मला आवडायची. राग असून कामाला लावलेला. माझा नुसताच बसून असतो.

* * *

तिसरं निमंत्रण सरांच्या तिथीने मारलं.

झालं असं की सरांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली, "या कॅलेंडरात चतुर्थी कुठे आहे? हे कसलं कॅलेंडर? घरी भिंतीवर आहे त्याच्यात दुधाचा खाडासुद्धा मांडता येतो." मग मला बसवून वर्षभराच्या तिथ्या भरायला लावल्या. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया, एकेक करून. तीनशे पासष्ट नोंदी, सगळ्या दिवसभराच्या.

मी म्हटलं, "यांना 'फ्री' ठेवू या, सर. नाहीतर त्या दिवशी तुम्ही बिझी दिसाल."

"अष्टमी काय फ्री असते? बिझी ठेव."

ठेवलं. मार्चमध्ये सुरेखाताईंच्या मुलाखतीसाठी सरांचा मोकळा वेळ शोधला. प्रोग्राम सांगतो, या महिन्यात नाही. पुढच्या महिन्यात नाही. या वर्षात नाही.

सरांना स्क्रीन दाखवला. त्यांनी नीट बघितलं, आणि मला वाटलं आता लाजतील.

"बघ," ते गुप्ते काकांना म्हणाले, "रिटायर होऊनही किती काम करतो मी."

वडखळला भाऊंना फोन केला. भाऊ शेतकरी माणूस, थेट बोलतात. "सर येनार असतील तर कळव. हायवेवर दीड तास गाडी अडकवून मी रिकाम्या खुर्च्या बघायला येनार नाय."

त्या दिवशी ताईंचा तीन वाजता फोन आला. मी खरं ते सांगितलं. पलीकडे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता. ताई म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासाठी तिघं एका जागी येत नायत."

"नाही येत."

"कशासाठी येतात मग?"

मी चिडून म्हटलं, "कोणी मेलं की येतात."

* * *

आणि पुढच्याच आठवड्यात नाना गेले. भाऊंचे वडील, संस्थेचे जुने उपाध्यक्ष, वय एक्याण्णव, झोपेत. शोकसभा सोमवारी अकरा वाजता. कॅलेंडरवर मीच लावली. नानांच्या फोटोला हार, टिपणीस सरांचं भाषण, दोन मिनिटं मौन, चहा आणि पोह्याचे पापड. तिघेही हजर. भाऊंच्या डोळ्यांत पाणी. नीट पार पडलं.

पुढच्या सोमवारी सकाळी आठला सगळीकडे घंटी वाजली. 'नानांची शोकसभा.'

सर धोतराचा सोगा सावरत आले. चित्रे बाई रोह्याहून रिक्षा करून आल्या. भाऊ आले, पांढऱ्या कपड्यांत. कोणी कोणाला काही विचारेना. मी हार आणायला धावलो. मौन झालं. पापड झाले.

सभा उठल्यावर मी स्क्रीन बघितला. शोकसभा दर सोमवारी लागलेली, शेवटची तारीख नाही. सरांनी मला खोलीत घेतलं. "हे तुझं काम. घाई. कॉलेजही असंच घाईत सोडलंस." मला वाटलं, असेल. घाईत कुठेतरी दाबलं गेलं असेल. पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर मान खाली घातली.

"आत्ता काढून टाकतो, सर."

"काय काढतोस? नानांचं नाव? भाऊ काय म्हणतील? आधी त्यांना विचारावं लागेल."

"विचारा मग."

"मी?" सर खिडकीबाहेर बघायला लागले.

गुप्ते काका म्हणाले, रद्द करायला ठराव हवा. ठराव मांडणार कोण? चित्रे बाई म्हणाल्या, मी नाही बाई. भाऊ स्वतः कसं म्हणतील, माझ्या बापाचं दुःख पुरे? तेव्हा तिसऱ्या सोमवारी पुन्हा हार. चौथ्या सोमवारी सरांचं भाषण आटलं, त्यांनी पहिलंच कागदावरून वाचलं. गुप्ते काकांनी इतिवृत्तात लिहिलं, 'मागील शोकसभेचे इतिवृत्त वाचून मंजूर करण्यात आले.' पाचव्या सोमवारी दोन मिनिटं संपायच्या आधीच भाऊ घड्याळ बघत होते.

दर सोमवारी नंतर मला सरांच्या खोलीत बोलणी. चार वेळा. मी चार वेळा ऐकून घेतली.

* * *

सहावा सोमवार. एप्रिलचे चार दिवस उरलेले. सुरेखाताई खांबहून पहिल्या एसटीने निघून साडेदहालाच हजर. हातात फाइल, अंगावर इस्त्रीची साडी. मौनाच्या वेळी भिंतीशी उभ्या राहिल्या, सगळ्यांपेक्षा ताठ.

चहा आला. ताई पुढे झाल्या.

"सर, तिघंबी हायत. माझी मुलाखत घ्या."

सर दचकले. "आज? आज माझ्याकडे दशमी आहे."

गुप्ते काका म्हणाले, "रीतसर निमंत्रण नाही, सुरेखा."

"फेब्रुवारीतच गेलंय, काका. तुमच्याच रजिस्टरात नंबर हायत. वाचून दाखवू?"

काकांनी रजिस्टर छातीशी धरलं. भाऊंनी बशी खाली ठेवली. "घ्या ना हो मुलाखत. नानांच्या फोटोसमोर होऊ दे. त्यांना तरी काहीतरी नवं बघायला मिळेल."

मग सुरू झालं. चित्रे बाईंनी दहा ओळींचा शुद्धलेखनाचा उतारा घातला, तपासला, दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा मार्क तत्त्वासाठी कापला. भाऊंनी विचारलं, खांबला यंदा वाल कसा आहे. उरले सर. सर खुर्चीत मागे टेकले, बोटं जुळवली.

"अध्यक्षांचा आग्रह आहे की क्लार्कला हा मेल-कॅलेंडरचा प्रोग्राम यायलाच हवा. तुम्हाला तर ट्रेनिंगही नाही. कितपत येतो?"

"येतो की."

"येतो म्हणजे? उदाहरण द्या."

ताईंनी नानांच्या फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे, जरा दिलगिरीने.

"सर, ही सभा पयल्यांदा तुषारनं लावली, एका दिवसाची. दर सोमवारची मी केली."

पापड मोडल्याचा आवाज झाला. कोणाच्या हातातला ते कळलं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग बघायचं टाळलं. गुप्ते काकांचं पेन रजिस्टरवर थांबलं; हे आवक की जावक, त्यांना ठरेना.

भाऊ फोटोकडे बघत होते. आधीचे पाच हार वाळून भिंतीशी पडले होते. त्यांनी घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "बाय, म्हंजे ही बंदबी करता येते?"

"व्हय भाऊ. एक मिन्ट लागंल."

"मग कर की."

"करते ना," सुरेखाताई म्हणाल्या. फाइलमधून टाइप केलेली ऑर्डर काढून त्यांनी टेबलावर तिघांच्या मधोमध ठेवली. "सह्या झाल्या की लगेच."

सगळ्यात आधी पेन काढलं ते भाऊंनी.